बांधणी-विटांची यांत्रिक वाहने

एकमेकींत घट्ट बसणाऱ्या प्लॅस्टिकच्या खेळण्यातील विटा, छिद्रयुक्त तुळया, आस व दंतचक्रे यांच्या जुळणीतून तयार केलेली मोटारगाड्या, ट्रॅक्टर, मालमोटारी, याऱ्या इ. वाहनांची चालती प्रतिरूपे. केवळ बाह्याकार दाखविणारी प्रतिकृती आणि यांत्रिक प्रतिकृती यांत मूलभूत फरक आहे. पहिलीत चाक फिरले म्हणजे पुरे होते; दुसरीत ते चाक कशामुळे फिरते, कसे वळते आणि खड्ड्यावरून जाताना कसे वर-खाली होते, हेही प्रत्यक्ष घडावे लागते. अर्थात येथेही एक गंमत आहे. खऱ्या मोटारीत दट्ट्या चाकाला फिरवितो, तर प्रतिकृतीत बहुधा चाक दट्ट्याला फिरविते. कारण सिलिंडरात जळण्यासाठी इंधनच नसते. एवढी एक उलटापालट सोडली, तर उरलेली यंत्रणा खोटी नसते. गिअरपेटीतील दोन चक्रांचे गुणोत्तर लोखंडात जेवढे असते तेवढेच प्लॅस्टिकमध्येही असते.

वीट ही मुळात भिंतीसाठी असते. ती एकीवर एक रचावयाची, तिच्यावर भार द्यावयाचा आणि ती हलू नये अशी अपेक्षा ठेवावयाची. यंत्राची गरज याच्या उलट असते : त्यात काही भाग फिरले पाहिजेत आणि ते फिरत असताना बाकीचे जागचे हलता कामा नयेत. भिंतीसाठी जन्मलेल्या विटेतून चालते वाहन कसे निर्माण झाले आणि त्यासाठी विटेला स्वतःचे किती रूप गमवावे लागले, हा या खेळण्याच्या इतिहासातील मुख्य प्रश्न होय.

पूर्वपीठिका : यांत्रिक प्रतिकृतींचा खेळ विटेपासून सुरू झाला नाही. लिव्हरपूल येथील एका मांस-आयातदाराच्या कचेरीत कारकून असलेल्या फ्रँक हॉर्न्बी (१८६३–१९३६) यांनी १९०१ मध्ये छिद्रे पाडलेल्या धातूच्या पट्ट्यांच्या संचाचे एकस्व (पेटंट) मिळविले. आपल्या मुलांसाठी यारीची प्रतिकृती करताना प्रत्येक तुकडा एकाच कामासाठी घडवावा लागतो, हे त्यांना खटकले. पट्ट्यांवर अर्धा इंच (१२·७ मिमी.) अंतराने सारखी छिद्रे पाडली, तर तीच पट्टी आज यारीत व उद्या पुलात वापरता येईल, अशी त्यांची कल्पना होती. या कल्पनेचा खरा कस मात्र दुसऱ्याच गोष्टीत होता. ज्या छिद्रातून जोडणीचा बोल्ट जातो, त्याच छिद्रातून फिरणारा आसही जातो. म्हणजे सांधा आणि धारवा (बेअरिंग) या दोन्हींसाठी एकच छिद्र पुरते. प्रारंभी ‘मेकॅनिक्स मेड ईझी’ या नावाने विकल्या जाणाऱ्या या संचाला १९०७ मध्ये ‘मेकॅनो’ हे नाव मिळाले आणि १९१४ पासून त्याचे उत्पादन लिव्हरपूलमधील बिन्स रोडवरील कारखान्यात होऊ लागले. १९२० नंतरच्या दशकात मेकॅनोमध्ये मोटारीच्या सांगाड्याच्या मोठ्या प्रतिकृती होऊ लागल्या. त्यांत क्लच, गिअरपेटी व डिफरन्शियल ही तिन्ही अंगे असत.

मेकॅनोला केवळ मुलांचे खेळणे समजणे किती चुकीचे होते, हे १९३४ मध्ये दिसून आले. मँचेस्टर विद्यापीठातील गणितज्ञ डग्लस हार्ट्री व त्यांचे विद्यार्थी आर्थर पोर्टर यांनी अवकल समीकरणे सोडविणारे यंत्र प्रथम मेकॅनोच्याच भागांतून उभे केले आणि त्याची उत्तरे प्रत्यक्ष संशोधनास उपयोगी पडली. जर्मनीतील आर्टुर फिशर यांनी १९६० नंतरच्या दशकाच्या मध्यास काढलेल्या ‘फिशरटेक्निक’ या संचात प्लॅस्टिकचे ठोकळे खाचेत सरकवून सर्व बाजूंनी जोडता येत. यंत्रशास्त्राच्या दृष्टीने ही पद्धत अतिशय विचारपूर्वक बेतलेली होती. तरीही पुढील काळात घराघरांत पोहोचली ती वीटच.

विटेचा उगम : डेन्मार्कमधील बिलुंड या खेड्यातील सुतार ओले कर्क क्रिस्त्यान्सेन यांनी मंदीच्या काळात, १९३२ मध्ये, लाकडी खेळणी करण्यास प्रारंभ केला. ‘चांगले खेळ’ या अर्थाच्या दोन डॅनिश शब्दांवरून १९३४ मध्ये त्यांनी आपल्या धंद्यास ‘लेगो’ हे नाव दिले. १९४७ मध्ये, वितळलेले प्लॅस्टिक दाबाने साच्यात भरणारे यंत्र त्यांच्या कारखान्यात आले. त्याच सुमारास इंग्लंडमधील हिलरी फिशर पेज यांच्या ‘किडीक्राफ्ट’ या संस्थेच्या, वर खुंट्या असलेल्या पोकळ विटांचे नमुने त्यांच्या पाहण्यात आले. १९४९ मध्ये बाजारात आलेली लेगोची पहिली वीट याच विटेवरून, मापांत थोडा फरक करून, बेतलेली होती. पेज १९५७ मध्ये मरण पावले. आपल्या विटेचे डेन्मार्कमध्ये काय झाले, याची त्यांना कल्पना नव्हती असे म्हटले जाते. विटेचा इतिहास लिहिताना क्रिस्त्यान्सेन घराण्याचे नाव प्रथम येते. पेज यांचे नाव मात्र पुष्कळदा तळटिपेत राहते. हा न्याय आहे असे म्हणता येणार नाही.

तथापि लेगोने जे भर घातले तेही लहान नव्हते. पोकळ विटा एकीवर एक बसत, पण सैल पडत. ओले कर्क यांचे पुत्र गोटफ्रेड यांनी २८ जानेवारी १९५८ रोजी नोंदविलेल्या एकस्वानुसार विटेच्या पोकळीत नळ्या आल्या. खालच्या विटेची खुंटी वरच्या विटेची भिंत व नळी यांच्यामध्ये पकडली जाऊ लागली आणि पकड पक्की झाली. १९६३ पासून सेल्युलोज ॲसिटेटऐवजी एबीएस हे प्लॅस्टिक वापरात आले. ते कमी वाकते व आपले माप टिकवून धरते. साच्यांची अचूकता मिलिमीटरच्या शंभराव्या भागाच्या आसपास ठेवावी लागते, कारण थोडे जास्त झाले तर वीट निघत नाही आणि थोडे कमी झाले तर ती टिकत नाही.

वाहनाच्या दृष्टीने १९६२ हे वर्ष महत्त्वाचे होय. त्या वर्षी विटेच्या संचात रबरी टायर असलेले चाक आले. चाकाला धातूची छोटी दांडी होती आणि ती विटेच्या भोकात खुपसावयाची असे. गाडी ढकलली की चालत असे, पण चाकाचा तिच्या अंतर्भागाशी काहीही संबंध नसे. १९६६ मध्ये ४·५ व्होल्ट विजेवर चालणारी आगगाडी व १९७० मध्ये दंतचक्रांचा संच आला. तथापि ही चक्रे विटांच्या जगात पाहुण्यासारखी वावरत होती. विटेला स्वतःला अद्याप छिद्र नव्हते.

सांगाड्याचे वर्ष : १९७७ मध्ये ही उणीव दूर झाली. त्या वर्षी निघालेल्या तांत्रिक संचांत (१९८४ पासून ‘टेक्निक’ हे नाव रूढ) तीन नव्या वस्तू होत्या : बाजूने छिद्रे असलेली लांब वीट म्हणजे तुळई, अधिक-चिन्हाच्या आकाराचा छेद असलेला आस आणि दोन तुळया जोडणारी पिन. आसाच्या या आकारामुळे चाक त्यावर घसरत नाही. उलट तुळईचे छिद्र गोल असल्याने त्यात आस मोकळा फिरतो. हॉर्न्बी यांच्या त्या एका छिद्राचाच हा नवा अवतार होता. त्या वर्षीच्या संचांत भारउचल गाडी, ट्रॅक्टर व हेलिकॉप्टर यांच्याबरोबर मोटारीचा एक सांगाडाही होता. त्यास पत्रा, दारे, टप काहीही नव्हते. सुकाणू-चक्र फिरविले की पुढची चाके वळत, गाडी ढकलली की चार सिलिंडरांच्या एंजिनातील चौकोनी दट्टे वर-खाली होत आणि बैठका मागे-पुढे सरकत. मोटार दाखविण्यासाठी मोटारीचे अंग उघडे ठेवण्याचे हे धाडस खेळण्यांच्या व्यवहारात सहसा आढळत नाही.

या सांगाड्यात डिफरन्शियल नव्हते. गाडी वळताना बाहेरच्या चाकाला आतल्या चाकापेक्षा जास्त अंतर कापावे लागते. दोन्ही चाके एकाच अखंड आसावर घट्ट बसविली असतील, तर त्यांपैकी एक घसरते. खोलीतील गुळगुळीत फरशीवर हे लक्षात येत नाही. सतरंजीवर गाडी वळवून पाहिली की ती अडते. १९८० च्या दुसऱ्या सांगाड्यात हा दोष नाहीसा झाला. शंक्वाकार दात्यांची तीन चक्रे एका फिरत्या पिंजऱ्यात बसवून दोन्ही अर्ध्या आसांना वेगवेगळ्या गतीने फिरण्याची मोकळीक देण्यात आली. दहा-बारा वर्षांच्या मुलाला डिफरन्शियलचे वर्णन ऐकवून जे समजत नाही, ते एक चाक बोटाने धरून दुसरे फिरविल्याने क्षणात समजते.

रचनेतील मापे व अडचणी : विटेच्या दोन खुंट्यांमधील अंतर ८ मिमी. असते. दंतचक्रे या मापाशी जुळतील अशी बेतलेली आहेत. ८ दात्यांच्या चक्राची कार्यकारी त्रिज्या ४ मिमी., १६ दात्यांच्या चक्राची ८, २४ दात्यांच्या चक्राची १२ आणि ४० दात्यांच्या चक्राची २० मिमी. असते. त्यामुळे ८ व २४ दात्यांची जोडी १६ मिमी., म्हणजे बरोबर दोन छिद्रांच्या अंतरावर बसते व गती एक-तृतीयांश करते. ८ व ४० दात्यांची जोडी तीन छिद्रांच्या अंतरावर बसून ती एक-पंचमांश करते. या दोन जोड्या एकीमागे एक लावल्या, तर गती पंधरा पटींनी घटते व घर्षण वजा जाता फिरविण्याचा जोर त्याच प्रमाणात वाढतो. १६ व २४ दात्यांच्या चक्रांना मात्र २० मिमी., म्हणजे अडीच छिद्रांचे अंतर लागते व ती सरळ रांगेत जमत नाहीत. नवख्या रचनाकाराचा पहिला तास पुष्कळदा याच जोडीशी झगडण्यात जातो.

खरी अडचण उभ्या दिशेने येते. विटेची उंची ८ नव्हे, तर ९·६ मिमी. असते. भिंत बांधताना याने काही बिघडत नाही. परंतु एकीवर एक ठेवलेल्या दोन तुळयांच्या छिद्रांमधील अंतर त्यामुळे ९·६ मिमी. होते आणि उभी तुळई लावून त्यांना जखडता येत नाही. त्यावरील उपाय असा : विटेच्या एक-तृतीयांश उंचीच्या (३·२ मिमी.) दोन पातळ फळ्या मधे घालावयाच्या. मग ९·६ अधिक ६·४ मिळून बरोबर १६ मिमी., म्हणजे दोन छिद्रांचे अंतर होते व उभी तुळई पिनांनी पक्की बसते. हे एक वाक्य ज्याला कळले, त्याची गाडी टिकते. खुंट्यांची पकड केवळ घर्षणाची असते. मोटरचा जोर आला, की चक्रे परस्परांना दूर ढकलतात, तुळया उचकटतात आणि दाते कडकड आवाज करून एकमेकांवरून घसरतात. उभ्या तुळईने जखडलेल्या चौकटीत हे घडत नाही.

प्रमाण ठरविण्याची रीतही या खेळात उलटी आहे. इतर प्रतिकृतिकार आधी प्रमाण ठरवितो व मग चाक घडवितो. विटांच्या रचनाकाराला चाक घडविता येत नाही. संचात जे टायर उपलब्ध असेल त्याच्या व्यासाला खऱ्या टायरच्या व्यासाने भागून जे प्रमाण येईल, त्या प्रमाणात उरलेली गाडी बसवावी लागते. मोठे टायर घ्यावे तर वजनाचा प्रश्न उभा राहतो. लांबी दुप्पट केली की वजन सुमारे आठपट होते, पण छेदाचे क्षेत्रफळ चौपटच वाढते, हा गॅलिलीओने १६३८ मध्ये मांडलेला नियम येथे तर अधिकच जाचतो. कारण मोठ्या गाडीसाठी जाड आस मिळत नाही. आस पिळवटतो, चाके फाकतात आणि सुंदर दिसणारी मालमोटार जागीच बसते. म्हणून अनुभवी रचनाकार गती कमी करणारी चक्रे शक्य तितकी चाकाजवळ ठेवतात. त्यायोगे लांब आसांवर पिळाचा भार कमी पडतो.

सुकाणूच्या बाबतीत बहुतेक प्रतिकृती थोडी लबाडी करतात. दात्यांची सरळ पट्टी व लहान चक्र यांच्या साहाय्याने दोन्ही चाके सारख्याच कोनातून वळविली जातात. वास्तविक आतले चाक अधिक वळले पाहिजे. म्यूनिकच्या गेओर्ग लँकेनस्पेर्गर यांची ही युक्ती रूडॉल्फ आकरमन यांनी १८१८ मध्ये इंग्लंडात एकस्वित केली आणि ती आज आकरमन यांच्याच नावाने ओळखली जाते. नावाच्या बाबतीत पेज यांच्यासारखीच लँकेनस्पेर्गर यांचीही गत झाली.

पुढील विकास : १९८४ मध्ये दाबलेल्या हवेवर चालणारी सिलिंडरे आली व खोदयंत्रांची आणि भारउचल गाड्यांची बाहुली खऱ्यासारखी उचलली जाऊ लागली. १९९४ मध्ये निघालेली मोठी मोटार विटांच्या युगातील परमोच्च कृती मानली जाते. चारही चाकांना चालना, चारही चाकांचे वळण, प्रत्येक चाकाला धक्के झेलणारी स्वतंत्र योजना, चार गतींची गिअरपेटी व आठ सिलिंडरांचे एंजिन हे सर्व तीत एकत्र होते. या सर्वांसाठी जागा काढताना विटेच्या खुंट्या अडथळा ठरत होत्या.

१९९० नंतरच्या दशकाअखेर खुंट्या नसलेल्या, गोल टोकांच्या गुळगुळीत तुळया पुढे आल्या आणि २००० नंतरच्या दशकात यांत्रिक संचांतून खुंटीची तुळई जवळजवळ नाहीशी झाली. नवी तुळई दोन्ही दिशांनी ८ मिमी. मापात बसते, त्यामुळे ९·६ चा तिढा उरला नाही. तिच्यातील छिद्रांची संख्या बहुधा विषम ठेवलेली असते, म्हणजे मधोमध एक छिद्र हमखास मिळते. तिरका आधार देताना ३, ४, ५ बाजूंचा काटकोन त्रिकोण उपयोगी पडतो. मात्र त्यासाठी ४, ५ व ६ छिद्रे मोजावी लागतात, कारण मोजावयाची असते ती छिद्रांमधील अंतरे. या बदलाने रचना हलकी व ताठ झाली, पण ती मनात जुळविणे अवघड झाले. विटेच्या रचनेला तळ व माथा असतो आणि ती खालून वर वाढते. गुळगुळीत तुळईला वर-खाली नसते. आधी गाभा, मग कवच, असा विचार करावा लागतो. छिद्रांची पट्टी आणि तिला जोडणारी पिन एवढेच शेवटी उरले. सुमारे शंभर वर्षांनी वीट मेकॅनोच्या दारात येऊन उभी राहिली, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही. मेकॅनोची स्थिती मात्र तोवर खालावली होती. बिन्स रोडचा कारखाना १९७९ मध्येच बंद पडला होता आणि फ्रान्समधील कॅले येथील कारखाना बंद करण्याचा निर्णय २०२३ मध्ये जाहीर झाला. भारतात या धर्तीचे धातूच्या पट्ट्यांचे संच ‘मेकॅनिक्स’ या नावाने परिचित आहेत.

अमेरिकेतील मॅसॅचूसेट्स तंत्रविद्या संस्थेतील सीमोर पॅपर्ट व त्यांच्या सहकाऱ्यांच्या कार्यातून प्रेरणा घेऊन १९९८ मध्ये संगणकीय विटेचा ‘माइंडस्टॉर्म्स’ हा संच निघाला. समोर अडथळा आला की स्वतः वळणारी गाडी त्यामुळे घरी करता येऊ लागली. ही मालिका २०२२ च्या अखेरीस बंद करण्यात आली. प्रौढ रचनाकारांचा वर्गही याच काळात वाढला. जेम्स जेसीमन यांनी १९९५ मध्ये तयार केलेल्या ‘एलड्रॉ’ या संगणक-प्रणालीमुळे विटांची रचना पडद्यावर आखता येऊ लागली. खेळण्याच्या भागांतून खरे वाहन किती मोठे होऊ शकते याचा एक प्रयोग २०१८ मध्ये झाला. बुगाटी शिराँ या मोटारीची पूर्णाकार प्रतिकृती टेक्निकच्या दहा लाखांहून अधिक भागांतून तयार करण्यात आली. तीत २,३०४ खेळण्यातील मोटरी होत्या आणि सुमारे १,५०० किग्रॅ. वजनाची ही गाडी चालकाला घेऊन ताशी २० किमी.हून थोड्या अधिक वेगाने धावली. चाके मात्र खऱ्या मोटारीची होती; टायरचे बंधन येथेही चुकले नाही.

हक्क व अनुकरण : विटेचे एकस्व संपल्यावर तिच्याशी जुळणाऱ्या विटा इतरांनी काढल्या आणि त्यांवरून दीर्घकाळ खटले चालले. लंडनमधील प्रिव्ही कौन्सिलने १९८८ मध्ये, कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये व यूरोपीय न्यायालयाने २०१० मध्ये लेगोच्या विरुद्ध निर्णय दिले. शेवटच्या दोन निकालांचा आशय सामान्यतः असा, की जो आकार कार्यासाठीच अस्तित्वात आला आहे, त्यावर व्यापारचिन्हाच्या मार्गाने कायमची मक्तेदारी मिळविता येत नाही. लेगोने १९८१ मध्ये पेज यांच्या विटेचे हक्क विकत घेतले होते. ज्या विटेवरून सुरुवात झाली ती सुमारे तीन दशकांनी रीतसर मालकीची झाली.

संच व कल्पकता : १९७७ च्या संचांबरोबर एकाहून अधिक वाहनांच्या जुळणीची चित्रे मिळत. त्याच भागांतून दुसरे वाहन होते, हे मुलाला आपोआप कळे आणि मग तिसरे स्वतः करून पाहण्याची इच्छा होई. अलीकडील मोठ्या संचांत, विशेषतः नामांकित मोटारींच्या परवान्याने काढलेल्या संचांत, बहुधा एकच वाहन असते. त्याच्या पत्र्याचा उतार दाखविण्यासाठी घडविलेले भाग दुसऱ्या वाहनात सहजी बसत नाहीत. जुळणी सोपी व्हावी म्हणून आतल्या भागांना भडक वेगवेगळे रंग दिलेले असतात. त्यामुळे हजारो भागांची मोटार चुका न करता पूर्ण होते, हे खरे. पण चूक करून ती शोधण्याचा भाग त्यातून वगळला जातो. गिअरपेटी अडली, तर सर्व कवच उतरवून कोणते चक्र एका छिद्राने सरकले आहे ते पाहावे लागते. रचनाकाराची खरी ओळख त्याच वेळी होते. याउलट असेही दिसते, की याच महागड्या संचांचे भाग सुटे करून प्रौढ हौशी रचनाकार उत्खनक, शेतीयंत्रे व बहुचाकी मालमोटारी स्वतःच्या आराखड्यावर बांधतात आणि आराखडा इतरांना देतात. घरात मुलाने पूर्ण केलेली मोटार काचेच्या कपाटात ठेवावयाची, की आठवड्याभरात मोडून पुन्हा पेटीत टाकावयाची, हा निर्णय बहुधा पालकच घेतात.